भीती नसलेली माणसं

मेंदूतज्ज्ञांच्या परिषदेत मृणाल केळुसकरने शेवटचा स्कॅन पडद्यावर दाखवला. भीती घालवणाऱ्या इंजेक्शनमुळे मेंदू आक्रसत जातो, हे त्यात स्पष्ट दिसत होतं. ते इंजेक्शन सभागृहात तिच्याखेरीज सगळ्यांनीच घेतलं होतं.

टाळ्या झाल्या. दचकलं मात्र कुणीच नाही.

"सर, हा तुमचा स्कॅन आहे," ती आपल्या गुरूंना, डॉ. खांडेपारकरांना, कळवळून म्हणाली. "जेमतेम सहा महिने उरलेत. काहीतरी करायला हवं!"

डॉक्टर प्रेमाने हसले. "छान काम केलंस. पण तुझे हात किती कापताहेत, बघ!" त्यांनी दाराशी उभ्या असलेल्या नर्सला बोलावलं. "सिस्टर, हिलाही देऊन टाका. उगाच त्रास होतोय पोरीला."

मृणाल मागे सरली, तेव्हा दोघा सहकाऱ्यांनी तिचा दंड हळुवारपणे धरला.