हेमलेचा दाखला

"बायकोचं नाव हेमला लिहिलंय," तहसिलीतून आलेल्या कारकुनानं पलटणीचा कागद उजेडाकडे धरून वाचला. "मग ही पंचफुला कोण?"

कस्तुराबाईनं मान खाली घातली. याच ओट्यावर बसून तिनं अख्ख्या इंझोरी गावाचा पाणउतारा केला होता. आज तिची नजर सारवणावरून हलेना. नवरा जानराव तर घरात असूनही बाहेर आला नव्हता.

"माही सून," ती म्हणाली. "दुसरी. पाटाची."

दारामागं पंचफुला उभी होती, खांद्यावर तान्ही पोर. बाप पलटणीत गेल्यावर जन्मलेली. त्यानं अजून तिचं तोंड पाहिलं नव्हतं. तो बाप, इंद्रभान, आता पुण्याच्या लष्करी दवाखान्यात पडला होता. एक पाय कापलेला. बायकोला पाठवा, असं त्यानं कोणाकडून तरी लिहवून घेतलं होतं. साहेबानं मंजूर केलं, पण लग्नाचा सरकारी दाखला आणा म्हणून अट घातली. त्याच दाखल्याच्या चौकशीला कारकून आला होता. शेजारी पोलीस पाटील नानाजी, मांडीवर गावाचं जन्ममरणाचं बुक घेऊन.

"भरतीच्या वेळी हे नाव कोणी सांगितलं?"

"म्या."

तेही खरंच. शेलूबाजारच्या बाजारात भरतीचं टेबल लागलं, तेव्हा पोराला परत ओढून आणायला कस्तुराबाई धावत गेली होती. साहेबानं बायकोचं नाव विचारलं. इंद्रभान तोंड उघडणार, त्याच्या आत हिनं हेमलेचं नाव सांगून टाकलं. भरल्या बाजारात, चार सोयऱ्यांसमोर, एकुलत्या पोरानं रांडव बाई घरात आणली हे कोणत्या तोंडानं सांगायचं? पोरगा नुसता हसला होता अन् अंगठा टेकवून मोकळा झाला होता.

"त्याचं असं हाय साहेब," नानाजी मिशीवरून बोट फिरवत म्हणाले, "आमच्यात कुवाऱ्या पोराले विधवेसंगं पाट लावता येत नाही. आधी त्याचं एक लगन झालेलं लागते."

"म्हणजे हेमलेशी रीतसर लग्न झालं?"

"झालं ना!" कस्तुराबाईचा आवाज पहिल्यांदा चढला. "हळद लागली, अंतरपाट धरला, वाजंत्री वाजली. नाव बी मीच ठेवलं. पाटावानी अंधारात, चोरून नाही."

दारामागं पंचफुलेनं पोरीला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं.

"वय काय होतं तिचं?"

"लहानच होती. माह्या कमरेएवढी. खणाचा तुकडा गुंडाळला त पुरला."

कारकुनाची लेखणी थांबली. "बाई, एवढ्या लहान पोरीचं लग्न लावणं गुन्हा आहे, ठाऊक आहे का?"

नानाजींना जोराचा ठसका लागला.

"आता कुठं आहे ती?"

"वावरात. बांधावर."

"अन् ही घरात? शाबास!" कारकून म्हणाला. "बोलवा तिला. कागदावर तिचं नाव आहे, दाखला तिलाच मिळेल. दवाखान्यात तीच जाईल."

"थे येत नाही, साहेब."

"सोडचिठ्ठी झाली आहे?"

"नाही."

"मेली असती, तर पाटलांच्या बुकातली नोंद पाहून मी दुसरीचं नाव चढवलं असतं. तुम्ही तर जिवंत आहे म्हणता. मग माझ्याजवळ इलाज नाही." तो कागदांची घडी घालू लागला.

तेव्हा पंचफुला बाहेर आली. कारकुनाकडे पाठ करून, पदर सावरून, हळूच म्हणाली, "मामीजी, मले काय म्हणायचं थे म्हणा. चार वर्सं ऐकलं, अजून ऐकीन. पण पोरीचे बाबा वाट पाहून राह्यले. सांगून टाका ना."

कस्तुराबाईनं वर पाहिलं. पंचफुलेच्या कपाळावर तिचं तिनंच लावलेलं कुंकू होतं, घामानं फिसकटलेलं. दर शनिवारी मारुतीला जाताना कस्तुराबाई वाट वाकडी करून हेमलेला कुंकू लावून येई. या कपाळाला तिचं बोट चार वर्षांत कधी लागलं नव्हतं. आपल्याला सुनेची लाज वाटते, असंच ती आजवर समजत आली होती. आज मात्र तिला त्या कपाळाकडे नीट पाहवेना.

ती उठली. भिंतीला टेकवलेली कुऱ्हाड तिनं हातात घेतली.

"ती कशाला?" कारकून दचकला.

"वाटेनं काटे हायेत. चला. दाखवतो तुमाले हेमला."

"वहिनी, असं काय करता—" नानाजी उठता उठता म्हणाले.

"तुमी बुक घ्या संगं. हसू घरी ठेवा."

वावर गावालगतच होतं. कस्तुराबाई कुऱ्हाड खांद्यावर टाकून पुढं चालली. कारकून तिच्यापासून चार हात लांबून चालत होता. विहिरीवरच्या बाया धुणं थांबवून पाहत राहिल्या. सगळ्यांत मागं पंचफुला, उन्हानं किरकिरणाऱ्या पोरीला थोपटत.

बांधावर कोणीच नव्हतं. कारकून इकडेतिकडे पाहू लागला. पुरुषभर उंचीची एक रुई तेवढी उभी होती, तिच्या खोडाला शनिवारचं कुंकू अन् लग्नातल्या खणाची विटलेली चिंधी. कस्तुराबाईनं त्या कुंकवाला बोट लावलं, तेच बोट पंचफुलेच्या कपाळी टेकवलं, अन् वळून रुईच्या बुडाशी कुऱ्हाडीचे दोन घाव घातले. पांढरा चीक तिच्या मनगटापर्यंत उडाला.

"लिव्हा, नानाजी," कोणाकडेही न पाहता ती म्हणाली. "हेमला आज वारली."