एक्याण्णवावा लेख

मास्तरांनी प्रुफातलं बरोबर वाक्य खोडलं आणि त्याच्यावर स्वच्छ अक्षरात चुकीचं लिहिलं: ‘९१ ही मूळ संख्या आहे.’

बाकी लेख चोख होता. एक ते तेरा या संख्यांची बेरीज एक्याण्णव. एक ते सहाच्या वर्गांची बेरीजही एक्याण्णव. तीनचा घन आणि चारचा घन मिळवले तरी तेच. एवढा गोतावळा असलेली संख्या, पण दिसायला एकलकोंडी. दोनने, तीनने, पाचने भाग जात नाही, म्हणून भले भले तिला मूळ समजून फसतात. मास्तर फसणाऱ्यांतले नव्हते. तेरा सत्ते एक्याण्णव हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी आलं असतं.

रविवारच्या पुरवणीत ते दर आठवड्याला एका संख्येवर लिहीत. सुरुवात अर्थातच एकपासून. लोकांना वाटे, निवृत्त माणसाचा विरंगुळा आहे. खरं तर ते सगळं लेकीसाठी होतं. बारा वर्षांपूर्वी तिने आपल्या मनाने लग्न ठरवलं. ही तुझी चूक आहे, असं मास्तर म्हणाले आणि ती जी गेली ती गेलीच. ना पत्ता, ना फोन. मागोमाग बायकोही वारली. वर्तमानपत्र मात्र कुणाच्याही घरात जातं. तिने एक ओळ तरी लिहावी म्हणून नव्वद आठवडे मास्तर पोस्टमनच्या वाटेकडे डोळे लावून बसले.

बरोबर लिहिलेलं वाचून ती गप्प राहू शकत होती. चूक पाहून गप्प बसणं तिला जमणारच नव्हतं. शाळेत असताना त्यांच्या पुस्तकांची प्रुफं तीच तपासायची आणि एक चूक सापडली की घर डोक्यावर घ्यायची.

लेख छापून आला. आठवड्याने संपादकबाईंनी मास्तरांना बोलावून घेतलं. टेबलावर पत्रांचा ढीग होता. कुणी खवचटपणे लिहिलं होतं, कुणी हळहळून. एका जुन्या विद्यार्थ्याचं म्हणणं होतं, सरांना आता विश्रांती द्या. सदर थांबवावं लागेल, असं बाई जरा चाचरतच म्हणाल्या. मास्तरांनी मान डोलावली.

पत्रं त्यांनी वाचली नाहीत. नुसतं अक्षर बघून एकेक बाजूला ठेवत गेले. लेकीचं तिरकं अक्षर कुठेच नव्हतं. म्हणजे ती वाचतच नव्हती. जन्मभराचं नाव मातीत घातलं आणि हाती काहीच लागलं नाही. आता रिकाम्या घरात जाऊन कशासाठी बसायचं, तेही त्यांना कळेना.

ते उठले तेव्हा बाई म्हणाल्या, “एका पत्राला तरी उत्तर द्या, सर. लहान मुलगी आहे. वहीचं पान फाडून लिहिलंय.”

अनोळखी, गोल गोल अक्षर. मघाशी त्यांनी ते बाजूला सारलं होतं. बाईंचं मन मोडायला नको म्हणून त्यांनी चष्मा लावला.

‘९१ मूळ नाही. ७ × १३ होतात. आई मला दर रविवारी तुमचा लेख वाचायला लावते. ही चूक मीच शोधली. पण आई म्हणाली, तुझे आजोबा असे चुकत नाहीत, ते बरे आहेत का, विचार.’