सुगंधेचा ग्राहक

वाचकहो, भीती घालवणारे औषध शमनथेंब घरोघरी पोहोचल्यावर एका दुकानदाराच्या हृदयी मत्सराग्नी कसा प्रज्वलित झाला, ते येथे सविनय कथन करीत आहे.

विजेला भिणारी पत्नी सुगंधा हे थेंब घेऊन निर्भय कशी झाली, असे बांगडीविक्रेत्या रंगनाथाने डॉक्टरीणबाईंना विचारले. त्या उत्तरल्या, "थेंबांतले द्रव्य ग्राहकाला बिलगते, मग मन शांत होते."

रंगनाथाच्या कानी 'ग्राहकाला बिलगते' एवढेच शिरले. तो घरी येऊन सुगंधेवर गरजला, "कोणता ग्राहक? तो रोज बांगड्या बदलून नेणारा?"

"अहो, ग्राहक म्हणजे मेंदूतली दारं! द्रव्य त्यांना बिलगलं की पेशींचा गलका थांबतो."

"पूर्वी वीज कडाडली की माझा हात धरायचीस," तो खिन्नपणे म्हणाला.

सुगंधेने त्याचा हात हाती घेतला. "आता भीती नाही, तरी धरते की!"

वाचकांचा ऋणी,
भिकाजी तुळशीराम नेवरेकर