परसातले तीन दिवस

सोजरबाईची पाळी थांबून वर्ष होत आलं होतं. तरी दर महिन्याला ती ‘मी बाजूला’ म्हणून तीन दिवस परसात बसायची. तेवढे दिवस चूल सत्तरीच्या सासूकडं जायची. मिलमधून येणाऱ्या नवऱ्या-दिरांच्या भाकऱ्या थापणं सुटायचं, जुन्या लुगड्यांची वाकळ शिवता यायची, आणि कुंपणापलीकडच्या मथुराबाईशी अंगातून निघणाऱ्या वाफांबद्दल, उडालेल्या झोपेबद्दल बोलता यायचं.

आज सासू पिठाच्या हातांनीच परसात आली.

“सोजर, तुझं तर कवाच थांबलंय की गं!”

सोजरबाईची सुई कापडातच अडली. आता हेही गेलं.



सासू धापा टाकत तिच्याशेजारी टेकली. “सरक, एक सुई दे. पोरास्नी सांगून आलीया, मलाबी कावळा शिवलाय.”