मुलुंडातलं उत्खनन

यंत्र चाललं तर मृणालिनीचा फायदा उघड होता: नवऱ्याने वर्षभर बळकावलेलं जेवणाचं टेबल मोकळं होणार होतं. म्हणून दसऱ्याला तिनेच, तारांनी बकेट ओढणाऱ्या जुन्या पोकलेनच्या, त्याने घरीच बनवलेल्या हातभर मॉडेलला हळदकुंकू लावून झेंडूची माळ घातली. मधुकरने रिमोट दाबला. बकेट परातीतल्या रव्यात घुसली, भरली, वर निघाली आणि मध्येच लटकली. “वाट लागली!” तो किंचाळला. “अहो, माळेचा दोरा तारेच्या रिळात गुंतलाय!” तिने माळ खस्सकन तोडली. बकेट सरसर चढली, वळली आणि मूठभर रवा टेबलावर ओतून थांबली. “झकास! सरका, आता मी!” मृणालिनीने रिमोटच हिसकावला. “अहो, रवा झेलायला डंपरही बनवा ना!” “टेबल अडकेल गं.” “अडकू द्या हो!” यंत्र चाललं मधुकरचं, पण आणखी वर्षभर मांडीवर ताट घेऊन जेवण्याची किंमत तिने टाळ्या पिटत मोजली.