थोपटण्याचा आवाज

अकोले तालुक्यातल्या आमच्या घरी मी सासूबाईंच्या नाचणीच्या भाकरीचे व्हिडिओ करते. फोनमध्ये चुलीजवळचा आवाज नीट येत नाही, म्हणून वेगळा रेकॉर्डर आणला. सुरुवातीला टाळी वाजवायची आणि नंतर त्या टाळीवर चित्र-आवाज जुळवायचे.

काल जुळवताना भाकरी थापण्यामागे आणखी एक आवाज ऐकू आला. मंद, एका लयीत, बाळाला थोपटतात तसा. चित्रात मागे माझ्या तान्ह्या लेकीची, सृष्टीची झोळी दिसत होती. तिच्याजवळ कुणीच नव्हतं.

"आत्या, काल झोळीपाशी कोण होतं हो?"

"कोन आसनार? त्या यंत्रानं येड लागायचं तुला एक दिवस," सासूबाई हसल्या.

आज मी रेकॉर्डर सृष्टीच्या उशाशीच ठेवला आणि लांब वायरचे हेडफोन लावून दारात उभी राहिले. सासूबाईंचे दोन्ही हात परातीत, पिठात होते. तरी थोपटणं चालू होतं. हेडफोन काढले की काहीच नाही. लावले की पुन्हा तेच.

"सृष्टी!" मी ओरडले.

थोपटणं थांबलं. मग रेकॉर्डरच्या अगदी जवळून एका बाईनं "शूऽऽ" केलं. बाळ झोपलेलं असताना घरात शिरलेल्या परक्या माणसाला करतात, तसं.