युवराजची घागर

गेल्या हिवाळ्यात कोकणच्या समुद्राने माझा थोरला भाऊ युवराज नेला. देह परत दिला नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांची घागर भरतात, तशी यंदा त्याच्याही नावाची भरायची, असे आबांनी, माझ्या वडिलांनी, ठरवले.

"तुमी पाह्यलं का त्याले मेलेलं?" आई म्हणाली. "मंग भरा. मी हात लावनार नाही."

"पाच महिने त्याचं ताट वाढून राह्यली. कोन जेवतं ते?" आबा म्हणाले.

घागर मी सकाळीच, समुद्रापासून कितीतरी कोस दूर असलेल्या आमच्या वरणगावच्या बाजारातून आणली होती, कोरी आणि कोरडी. आबांनी ती उचलली, तेव्हा तिच्या पोटावर पांढरी, खडबडीत कवचे दाटीने चिकटलेली होती. मी ती ओळखली. भावाला शोधताना किनाऱ्यावरच्या प्रत्येक खडकावर मी ती पाहिली होती. बार्नेकल: खेकड्यांच्या गोतातले इवले जीव, भरती-ओहोटीत जन्मभर एकाच जागी चिकटून राहणारे.

"मातीच खराब," आबा पुटपुटले. पाणी ओतण्याआधी, भर उन्हात, त्यांनी हाक मारली, "युवराज, पानी घे रे बाबा."

सगळी कवचे एकदम उघडली. पिसांसारखे बारीक पाय बाहेर येऊन संथपणे हलू लागले.

आईने श्वास रोखून धरला.

पाण्याखाली असल्यावाचून हे जीव उघडत नाहीत.